अळंबीचा पहिला घास

माझं माहेर पणदऱ्याचं. तिथं जिकडं बघावं तिकडं ऊस, आणि पावसाळ्यात उसाच्या पाचटात ज्या पांढऱ्या छत्र्या उगवायच्या त्यांना आमच्याकडं एकच नाव होतं, कुत्र्याची छत्री. कुत्रं पाय वर करून जातं तिथं ती उगवते, असं आम्हाला लहानपणी सांगितलेलं. शाळेत जाता-येता चपलेच्या टोकानं ती उडवायची, एवढाच तिचा उपयोग. पुढं लग्न होऊन मी अंथुर्ण्याच्या बाजूला, माळाच्या कडेच्या वस्तीवर आले, आणि पहिल्याच पावसाळ्यात माझ्या थोरल्या जाऊबाई ओटी भरून त्याच छत्र्या घरात घेऊन आल्या. सुपात मांडल्या आणि मला म्हणाल्या, "धाकटे, हात धुऊन ये. ही साफ कराय बस."

मी बसले नाही. मला शिसारीच आली. म्हटलं, "आमच्याकडं हे कुणी खात न्हाय."

जाऊबाईंनी मान वर न करता विचारलं, "मग काय खात्यात तुमच्याकडं? साखर?"

नवी सून म्हणून मी गप्प बसले, पण मनात तो टोमणा पुष्कळ दिवस धरून ठेवला. त्या संध्याकाळी मी भाकरी आणि ठेचा खाल्ला. घरातल्या बाकीच्यांनी अळंबीची कढई भाकरीच्या तुकड्यानं अशी पुसली की घासायला काही उरलंच नाही. माझे थोरले दीर गळ्यात माळ घातलेले, अंड्याचा वास आला तरी उठून जाणारे, पण अळंबीच्या ताटाला त्यांनी आधी नमस्कार केला आणि मग दोनदा वाढून घेतलं. दुसऱ्या वर्षी मी एक तुकडा चाखला. तिसऱ्या वर्षी कढईपाशी मीच सगळ्यांच्या आधी जाऊन बसले होते.

जाऊबाईंना घरात सगळेच अक्का म्हणतात. सासू-सासरे मी यायच्या आधीच गेले होते, त्यामुळं चूल, गोठा, बाग आणि माणसं, सगळ्यांवर अक्कांची हुकमत. बोलायला फटकळ. पण रानात पाय टाकला की ती बाई निराळीच व्हायची. आवाज खाली यायचा, चाल हळू व्हायची, आणि घरात दिसेल त्याच्यावर खेकसणारी अक्का वारुळापुढं पदर सावरून उभी राहायची.

अळंबी वारुळाच्या आश्रयानं येते. वाळवीनं जमिनीच्या पोटात घर केलेलं असतं, तिथून ती फुटते. हे कुणालाही माहीत असतं. अक्कांना मात्र कुठल्या वारुळाला कधी जाग येते हेही माहीत होतं. भर उन्हाळ्यात, माळावर तरवडाशिवाय काही हिरवं नसताना, त्या शेळ्यांमागं जायचं निमित्त करून वारुळं बघून यायच्या. कुठलं वारूळ ओलसर माती बाहेर टाकतंय, कुठलं मेलंय, कुठल्याच्या पोटात साप राहायला आलाय. वळीव झाल्यावर दिव्याभोवती वाळवीची पंखांची पाखरं उडायला लागली की बाकीचे दिवे मालवायचे, अक्का मात्र अंगणात उभं राहून पाखरं कुठल्या अंगानं आली ते बघायच्या. त्यावरून त्यांचा हिशेब सुरू व्हायचा.

आमच्या भागात पाऊस म्हणजे पाहुणा. ढग डोक्यावरून जातात, आम्ही माना वर करून बघतो, आणि पाऊस दुसरीकडंच पडतो. आषाढात एखादी सर आलीच तर वारुळाच्या अंगावर बारीक बारीक अळंबी उठायची, तांदळाच्या कण्या उधळल्यासारखी. ती वेचणं म्हणजे नाकी नऊ. श्रावणात मेंढरं बसलेल्या रानात अळंबीचे गोल गोल गोटे निघायचे. ते अक्का तिथंच फोडून बघायच्या, आतून शुभ्र असला तरच ओटीत, जरा पिवळा दिसला की लांब भिरकावून द्यायच्या. पंचमीला वारूळ पुजायचं. त्या दिवशी काही चिरायचं नाही, खणायचं नाही, उपटायचं नाही. एका वर्षी ऐन पंचमीला, हळदकुंकवाच्या शेजारीच, मुठीएवढी अळंबी उभी. बायका हळहळल्या. अक्कांनी तिच्यावर ओलं फडकं टाकलं, कडेला चार दगड ठेवले आणि म्हणाल्या, "आज ती नागोबाची. उद्या माझी." दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत ती घरात होती.

खरा हंगाम मात्र परतीच्या पावसाचा. भाद्रपद सरता सरता आकाश गडगडायला लागायचं, गवत कमरेला लागलेलं असायचं, आणि बांधावरच्या हिवराच्या झाडाखालचं मोठं वारूळ एका रात्रीत फुलायचं. टोपी बशीएवढी, मधोमध करडं टोक, आणि दांडा हळूच ओढला की जमिनीतून लांबच लांब शेपूट निघत यायचं. ते शेपूट तुटू न देता काढणं मला अजून जमत नाही. अक्का दोन बोटांत धरून, जरासा पीळ देऊन, बाळाचा हात झबल्याच्या बाहीतून काढावा तसं काढायच्या. आणि प्रत्येक वारुळावर एक तरी अळंबी ठेवूनच परतायच्या, सर्वात मोठी. मी एकदा विचारलं, मोठीच कशाला ठेवायची. म्हणाल्या, "बी मोठ्याचंच ठेवत्यात."

एवढं सगळं झालं तरी अळंबी ओटीत जायची नाही. शेवटची परीक्षा नाकाची. टोपीचा कड मोडायचा, डोळे मिटायचे आणि एक लांब श्वास घ्यायचा. मग होय की नाही. होय असेल तर ओटी, नाही असेल तर पायाखाली. कारण त्या चांगल्या अळंबीच्या शेजारीच कधीकधी तिची सवत उगवते. रंग तोच, उंची तीच, कोवळी असताना टोपीखालचे पदरही तसेच पांढरे. मोठी झाली की पदर हिरवट पडतात आणि सोंग उघडं पडतं, पण तोवर थांबलं तर चांगलीही सडून जाते. एका वर्षी पलीकडच्या वस्तीवरच्यांनी कॅनॉलकडेच्या गवतातल्या छत्र्या आणून खाल्ल्या, आणि अख्खं घर बारामतीच्या दवाखान्यात सलाईन लावून पडलं. वाचले, पण म्हातारीला पुन्हा नीट उभं राहता आलं नाही. त्यानंतर आजूबाजूच्या बायका आपापली पाटी घेऊन आमच्या ओट्यावर यायला लागल्या. लसूण काळा पडतो का बघा, चांदीची जोडवी शिजवून बघा, असं काहीबाही त्या ऐकून आलेल्या असायच्या. अक्का म्हणायच्या, "जोडव्याला काय कळतंय? जलमभर पायात राहिलंय ते." आणि पाटीतल्या निम्म्या छत्र्या नाकाला लावून उकिरड्यावर टाकायच्या.

अक्कांना गर्व कशाचा असेल तर तो नाकाचा, आणि तो त्या लपवायच्याही नाहीत. दूध नासायच्या आधी त्यांना कळायचं. डाळिंबाच्या बागेत फळ कुजायला लागलं की बांधावरूनच सांगायच्या. आमच्या ह्यांनी एकदा यात्रेत मित्रांच्या नादानं थोडी घेतली होती. मोटारसायकल स्टँडला लावायच्या आधीच अक्का ओट्यावरून म्हणाल्या, "भाऊजी, आज गोठ्यात निजा." बिचारे निजले. सकाळी म्हशीसुद्धा त्यांच्याकडं तोंड फिरवून उभ्या होत्या, असं अक्का अजून सांगतात.

आणि घरात एक रीत होती, सासूबाईंपासून चालत आलेली. जी अळंबी आणते, ती आधी खाते. सगळ्यांची ताटं वाढून व्हायची, पण कुणी हात लावायचा नाही. अक्का चुलीपुढं बसून एक घास घ्यायच्या, सावकाश चावायच्या, गिळायच्या आणि म्हणायच्या, "जेवा." मग जेवायचं. आता विष काय एका घासात, तेवढ्या वेळात कळतं थोडंच? तो घास म्हणजे नुसती ग्वाही होती. मी पारखून आणलंय, माझ्या नाकावर विश्वास ठेवा आणि जेवा. नवरात्रात अक्का नऊ दिवस धरतात, पायात चप्पलसुद्धा घालत नाहीत. त्या दिवसांत अळंबी निघाली तर ती ग्वाही घासाशिवाय चालायची. ताटावरून नाक फिरवायच्या आणि म्हणायच्या, "जेवा." आम्ही जेवायचो. लहान पोरांच्या ताटातही तीच अळंबी असायची, आणि कुणाच्या मनात कधी शंका आली नाही.

मी वर्षानुवर्षं त्यांच्या मागून पिशवी धरून हिंडले. कुठलं वारूळ, कुठली वेळ, शेपूट कसं काढायचं, हे सगळं त्यांनी मला दाखवलं. वास मात्र कधी घेऊ दिला नाही. मी नाकाकडं नेली की हातातून काढून घ्यायच्या. "एका घरात दोन नाकं झाली की भांडान होतं," म्हणायच्या.

साथीच्या दुसऱ्या वर्षी अक्का आजारी पडल्या. गोठ्याशेजारच्या खोलीत त्यांचं अंथरूण वेगळं घातलं होतं, मी उंबऱ्यात ताट ठेवून मागं सरायची आणि त्या आतून मला ओरडायच्या की पोरांकडं बघ, माझ्याकडं काय बघतीस. ताप गेला, अंगात ताकद आली, खेकसणं पूर्ववत झालं. घरात आम्ही देवापुढं नारळ फोडला.

त्या भाद्रपदात अळंबी निघाली. अक्का गेल्या, ओटी भरून आल्या. मी कांदा चिरायला घेतला तर म्हणाल्या, "आज न्हाय. उद्या करू." स्वतःपुरती थोडी छोट्या लोखंडी कढईत परतली, चुलीपुढं बसून खाल्ली, आणि बाकीची ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली. मला कळेना. अळंबी म्हणजे सकाळी निघाली की संध्याकाळी पोटात. दुसऱ्या दिवशी ती काळवंडते, पाणी सोडते, चव निम्मी होते. मी म्हटलं, "अक्का, उद्या काय राहतंय तिच्यात?"

"मुरू दे. मुरली की ग्वाड लागती."

"लोणचं हाय का ते मुराय?"

"तुला लई कळाय लागलं," म्हणाल्या, आणि विषय संपला. दुसऱ्या दिवशी आम्ही काळी पडलेली अळंबी खाल्ली. पुढंही प्रत्येक वेळी हेच. पोरं कुरकुरली, दीर काही बोलले नाहीत, आणि मी मनातल्या मनात चरफडत राहिले. मला वाटलं, ताजी ताजी स्वतः खाऊन घेतात आणि आम्हाला शिळी. असं वाटायला कारणही होतं. आजारपणानंतर अक्का बदलल्यासारख्या वाटत होत्या. एकदा दूध खाली लागून करपलं, घरभर धूर कोंडला, मी अंगणातून धावत आले, तर अक्का चुलीपासून हाताच्या अंतरावर पाठमोऱ्या शेंगा फोडत बसलेल्या. यात्रेला आमचे हे पुन्हा एकदा मित्रांबरोबर बसून आले. मी धसकून अक्कांकडं बघितलं, तर त्यांनी ह्यांना गरम भाकरी वाढली आणि वर दही हवं का विचारलं. हे दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, वहिनी आता मवाळ झाल्या. मीही म्हटलं, वय झालं.

मधली दोन नवरात्रं कोरडीच गेली, मग तिसरं आलं. घट बसले आणि लगोलग हस्ताचा पाऊस कोसळला. ढगांचा असा गडगडाट की पत्रे थरथरत होते. सकाळी अक्का अनवाणी पायांनी, चिखल आणि सराट्यांतून हिवराखालच्या वारुळाकडं गेल्या आणि भरगच्च ओटी घेऊन आल्या. मी नुसतं बघितलं. नवरात्र होतं, म्हणजे अक्का खाणार नाहीत, म्हणजे आज तरी ताजी मिळणार, असा माझा हिशेब. मी मसाला वाटायला काढला. त्या म्हणाल्या, "उद्या."

मला इतका राग आला की मी बोलायचं टाळून शेणाची पाटी उचलली आणि गोठ्याच्या मागं निघून गेले. दुपार कलली होती. पाटी रिकामी करून, काही वेळ गंजीआड एकटीच बसून राहिले. राग उतरल्यावर उठले, तर कडब्याच्या गंजीच्या पलीकडून धूर येताना दिसला. गंजीपाशी धूर म्हटल्यावर धावतच वळसा घालून गेले. तीन दगडांवर छोटी लोखंडी कढई, आणि तिच्यापुढं उकिडव्या बसून अक्का अळंबी खात होत्या. भाकरी नाही, मीठ दिसत नव्हतं. तुकडा तोंडात टाकायचा, चावायचा, घोटभर पाण्याबरोबर गिळायचा. औषध घेतात तसं.

अक्कांनी नवरात्रात साधी भगर जास्त खाल्ली तरी देवीची माफी मागितलेली मी बघितली आहे.

"अक्का, नवरात्र हाय."

"ठावं हाय मला."

"उपास मोडला तुमी?"

"मोडला न्हाय. हे जेवान न्हाय, काम हाय. देवीला सांगून आलीया."

"कसलं काम?"

कढईतला एक तुकडा उचलून त्यांनी माझ्यापुढं धरला, मग परत ठेवला. "मला वास येत न्हाय," म्हणाल्या. "त्या तापात गेला. ताप गेला, वास काय माघारी आला न्हाय."

दूध, यात्रा, काळी अळंबी, सगळं एका जागी येऊन उभं राहिलं.

"मग तुमी पारखता कशानं?"

"डोळ्यानं. हातानं. आन् उरलंसुरलं पोटानं. आदल्या दिशी खायची, रातभर बगायचं. सकाळी उठले, तर तुमाला."

"आन् न्हाय उठला तर?"

"तर तुमी खानार न्हाय," अक्का म्हणाल्या. जणू ओढ्याला पाणी आलं तर पलीकडं जायचं नाही, इतकं सरळ.

मी कढई त्यांच्यापुढून ओढून घेतली. निम्मी संपलेली होती. मी रडत होते आणि भांडतही होते. म्हटलं, अळंबी नाही खाल्ली तर कोण मरतंय? सोडून द्या की, सांगून टाका, वास गेलाय म्हणावं, कुणी काय म्हणणार आहे का? अक्कांनी पदरानं तोंड पुसलं. "कोन काय म्हनतंय त्याचं मला काय? पोरं पाऊस पडला की माझ्या तोंडाकडं बगत्यात. आन् खरं सांगू का धाकटे, मलाच जमत न्हाय. गडगडाया लागलं की पाय निघत्यात. घरात बसले तर मला वाटंल, तापातच गेले मी." मग "चवबी लागत न्हाय. पेंड चावल्यागत लागतं," म्हणाल्या.

म्हणजे आम्हाला शिळी वाढून स्वतः ताजी खाणारी ही बाई दोन-अडीच हंगाम पेंड चावत होती, आणि तीही जिवाची पैज लावून, आम्हाला निर्धास्त जेवता यावं म्हणून. मी पुष्कळ माणसांना चांगलं म्हटलं आहे आयुष्यात. सभेत हार घातलेली माणसं बघितली आहेत. पण त्या कडब्याच्या गंजीमागं, चिखलानं भरलेल्या अनवाणी पायांच्या त्या बाईपुढं मला जे वाटलं, ते कुणापुढं वाटलं नाही. मूर्खपणा होता तो, मी आजही म्हणेन. तेवढाच मोठेपणाही होता.

ती रात्र मी कशी काढली ते मला विचारू नये. पहाटे अंगणात अक्कांचा खराटा वाजला आणि मी पांघरुणात तोंड घालून देवीला हात जोडले.

उजाडल्यावर मीच म्हटलं, "चला वारुळावर." फडक्यातली कालची अळंबी मी वाटेत उकिरड्यावर टाकली. अक्कांनी नुसतं बघितलं. वारुळाच्या दुसऱ्या अंगाला रात्रीतून नवी फुटली होती. अक्कांनी एक काढली, शेपटासकट, अखंड. कड मोडला. सवयीनं स्वतःच्या नाकाकडं नेला आणि मध्येच थांबल्या. मग माझ्या नाकापुढं धरला.

"सांग."

"मातीचा येतोय."

"माती सगळ्यालाच असती. मातीच्या मागं बग."

मी डोळे मिटले. ओढ्याचा आवाज, हिवरावरची चिमणी, आणि अक्कांच्या बोटांना लागलेली ओली माती. त्याच्या मागं काहीतरी होतं, ओळखीचं. "पिठाचा. गिरणीतनं दळण आणल्यावर डब्यातनं येतो तसा."

"गव्हाच्या का जवारीच्या?"

"ज्वारीच्या."

"व्हय," अक्का म्हणाल्या, आणि ती अळंबी ओटीत गेली. अशा आम्ही पुष्कळ काढल्या. त्या काढायच्या, मोडायच्या, माझ्या नाकापुढं धरायच्या आणि माझ्या तोंडाकडं बघत राहायच्या. मग पायथ्याची एक आली. सुरेख, कोवळी, पदर पांढरेशुभ्र. अक्कांनी बघितली, उलटीपालटी केली, डोळ्यांनी तिला पास केलं आणि सरळ ओटीत टाकली. मी म्हटलं, "तीबी द्या." नाकाला लावली. पीठ नव्हतंच. नाकाच्या शेंड्याला टोचणारा, औषधाच्या जुन्या डबीसारखा वास.

"ही नको, अक्का."

"नीट बग. दिसतीया तर झ्याक."

"नको."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. आयुष्यभर ज्या बाईच्या होय-नाहीवर घर जेवलं, तिला माझ्यासारख्या साखर खाणारीनं नको म्हटलं होतं. मला वाटलं आता खेकसणार. त्यांनी अळंबी खाली टाकली आणि टाचेनं चिखलात दाबली. आदल्या दिवसासारखा दिवस असता तर ती अळंबी संध्याकाळी छोट्या कढईत गेली असती, हे दोघींनाही कळलं होतं. परतताना त्यांनी माझा दंड धरला. घसरडं होतं म्हणून धरला असेल.

या वेळी अळंबी त्याच दिवशी शिजली. कांदा, लसूण, काळं तिखट, वरून शेंगदाण्याचं कूट. ताटं वाढून झाली आणि सगळे अक्कांकडं बघत बसले. नवरात्र होतं, म्हणजे त्या नुसतं नाक फिरवून जेवा म्हणणार. अक्का चुलीपुढून उठल्या नाहीत. म्हणाल्या, "वास आज धाकटीनं घेतलाय. पैला घास तिचा."

दिरांनी एकदा अक्कांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि माळेला हात लावून खाली मान घातली. त्यांना किती ठाऊक होतं ते मला कधी कळलं नाही. पोरांची ताटं समोर होती. मी घास घेतला, चावला, गिळला, आणि तो एक शब्द बोलायला मला जितकं जड गेलं तितकं काही गेलेलं नाही. "जेवा."

सगळे जेवायला लागले. पोरं म्हणाली, आज लई भारी झालीय. अक्का सगळ्यांना वाढत राहिल्या.

दसऱ्याला उपवास सुटला. सोनं लुटून झालं, माणसं बाहेर गेली, आणि आम्ही दोघी चुलीपाशी राहिलो. सकाळी वारुळावर हंगामातली शेवटची अळंबी मिळाली होती, दोघींपुरती. मी ती परतली आणि पहिला घास घेतला. मग अक्कांनी भाकरी मोडली, तुकडा तोंडात टाकला, चावला. चेहऱ्यावर काही उमटलं नाही.

"कशी लागती, सांग," त्या म्हणाल्या.

मी सांगायला लागले. म्हटलं, कांद्याचा गोडवा आहे, तिखट बेताचं आहे, मीठ जरा कमी आहे.

"कांदा ठावं हाय मला. अळंबी सांग."

"मऊ. जरा चिवट. मटणासारखी..."

"न्हाय," अक्कांनी मला अडवलं. डोळे मिटून घेतले, रानात मिटायच्या तसे. "आदी कायबी लागत न्हाय. मग दातात जरा करकरती, तवा जवारीच्या हुरड्यागत ग्वाड लागती. आन् गिळली का मागनं येतंय, घशातनं वर, पैला पाऊस पडल्यावर रान निवतंय न्हवं, तसं. घाई केली तर कळत न्हाय. गिळून गप बसाय लागतं."

इतकी वर्षं मी अळंबी खात होते, कढईपाशी सगळ्यांच्या आधी जाऊन बसत होते. मी आणखी एक घास घेतला, सावकाश चावला, गिळला, आणि गप्प बसले.

"आलं का मागनं?" अक्कांनी विचारलं.

"आलं," मी म्हटलं.

"मग खा," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच्या ताटातली अळंबी माझ्या ताटात सरकवली.